त्याची तपासणी की दोघांची?

वाचकाच्या पत्राचा सारांश: पत्रलेखक एकतीस वर्षांचे असून मूळचे सांगली जिल्ह्यातले आहेत. ते सध्या न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतात आणि एच-वन-बी व्हिसावर संगणक क्षेत्रात नोकरी करतात. गेले वर्षभर एका मेक्सिकन पुरुषाशी त्यांचे प्रेमाचे नाते आहे. हा मित्र पुएब्लाहून आलेला, रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात काम करणारा आणि बहिणीच्या कुटुंबाबरोबर राहणारा असून त्याची इमिग्रेशनची कागदपत्रे पूर्ण नाहीत. गावी त्याचे लग्न झाले होते. पत्नीपासून तो काही वर्षांपूर्वी वेगळा झाला आणि मुलगी तिकडेच आहे. तो स्वतःला ‘गे’ म्हणवत नाही. अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, समलिंगी आणि बायसेक्शुअल पुरुषांपैकी चारांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीची लागण होईल, असे पत्रलेखकांच्या वाचनात आले आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. तपासणीचा विषय काढला की मित्र चिडतो. मी धडधाकट आहे, मी नेहमी ‘अ‍ॅक्टिव्हो’ म्हणजे प्रवेश करणाऱ्याच्या भूमिकेत असतो, मला काही होत नाही, असे तो म्हणतो. आणि काही निघालेच तर हे लोक मला परत पाठवतील, असेही म्हणतो. त्याचा एक मामा नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कमध्येच वारला आणि घरात आजही ‘फुफ्फुसाचा आजार’ एवढेच सांगितले जाते. पत्रलेखक विचारतात: तपासणी केल्याशिवाय संबंध ठेवणार नाही, असे बजावावे का? ओळखीच्या डॉक्टरांकडून रक्ताच्या इतर तपासण्यांबरोबर ही तपासणी गुपचूप करून घेता येईल का? की आम्ही दोघे एकमेकांशी प्रामाणिक आहोत, तेव्हा हा विषय सोडून द्यावा?

प्रिय मित्रा,

तुमच्या पत्रात तुमच्या मित्राविषयी पुष्कळ लिहिलेले आहे: त्याचे गाव, त्याची नोकरी, त्याचा मामा, त्याचे रागावणे. तुम्ही स्वतः शेवटची एचआयव्ही तपासणी कधी केली, हे मात्र त्यात कुठेच नाही. कधी केली असेल आणि लिहायचे राहून गेले असेल, तर माझे हे म्हणणे सोडून द्या. पण या नात्याआधी तुमचीही दोन नाती होऊन गेली, त्यांतले एक पुण्यात असतानाचे, असे तुम्हीच ओघात सांगितले आहे. तरीही धोका फक्त एकाच बाजूने येऊ शकतो असे गृहीत धरून तुम्ही पत्राची सुरुवात केली आहे, आणि माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांचा गुंता त्या गृहीतकात आहे. म्हणून आधी त्याविषयी बोलू.

चारांतला एक हा आकडा खोटा नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१६ साली तो जाहीर केला होता. संसर्गाचे त्या वेळचे प्रमाण तसेच राहिले तर लॅटिनो समलिंगी व बायसेक्शुअल पुरुषांपैकी चारांतल्या एकाला, कृष्णवर्णीयांपैकी दोघांतल्या एकाला आणि गोऱ्यांपैकी अकरांतल्या एकाला आयुष्यभरात लागण होईल, असा तो अंदाज होता. नंतरची आकडेवारीही दिलासा देणारी नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ३१,८०० नवे संसर्ग झाले असावेत आणि त्यांतले जवळपास एक तृतीयांश लॅटिनो होते, लोकसंख्येत त्यांचा वाटा मात्र पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. परंतु हा आकडा एका मोठ्या समूहाच्या संपूर्ण आयुष्याविषयी बोलतो. तुमच्या शेजारी झोपलेल्या माणसाच्या रक्तात आज काय आहे, हे तो सांगत नाही आणि त्या माणसाच्या चारित्र्याविषयी तर अजिबात काही सांगत नाही.

लॅटिनो पुरुष इतरांपेक्षा बेफिकीर असतात म्हणून हा आकडा फुगतो, असे तुमच्या पत्राच्या एका ओळीत सूचित झाले आहे. ते बरोबर नाही. ज्या वर्तुळात आधीच जास्त लोकांना संसर्ग आहे आणि त्यांतल्या अनेकांना त्याची कल्पना नाही, त्या वर्तुळात एकच जोडीदार असलेल्या माणसालाही जास्त धोका असतो. संसर्ग असलेल्या पण तो ठाऊक नसलेल्या लोकांचे प्रमाण संपूर्ण अमेरिकेत २०१६ साली सुमारे १५ टक्के होते, आणि नव्या संसर्गांपैकी जवळपास ३८ टक्के त्यांच्याकडून झाले असावेत, असे सीडीसीनेच म्हटले आहे. त्यात विमा नसणे, दिवसा डॉक्टरकडे जायला रजा न मिळणे, दवाखान्यात स्पॅनिश बोलणारे कोणी नसणे आणि कागदपत्रांची भीती यांची भर पडते. संसर्ग टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या प्रेप या औषधाची ज्या लॅटिनोंना गरज होती, त्यांच्यापैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांनाच ते २०२२ मध्ये मिळत होते. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर होते. हा फरक औषधाच्या उपलब्धतेचा आहे. तुम्ही स्वतः चांगल्या कंपनीच्या विम्यावर आहात आणि तुमचा मित्र भांडी आणि भट्टी सांभाळत बारा तास उभा असतो, हे लक्षात घेतले तर तो तपासणी का टाळतो याचे अर्धे उत्तर त्याच्या स्वभावात शोधावे लागणार नाही.

आता दुसरे गृहीतक: आम्ही एकमेकांशी प्रामाणिक आहोत, म्हणून तपासणीची गरज नाही. तुमच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण तुमचा प्रामाणिकपणा एका वर्षाचा आहे, आणि हा विषाणू दहा वर्षेही काही लक्षण न दाखवता अंगात राहू शकतो. समलिंगी पुरुषांना संसर्ग कुणाकडून होतो याचा अमेरिकेतल्या पाच शहरांच्या आकडेवारीवरून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या अंदाजानुसार दोन तृतीयांशांहून अधिक संसर्ग अनोळखी माणसाकडून नव्हे, तर मुख्य जोडीदाराकडून झालेले होते. कारण सरळ आहे. नाते स्थिर झाले, विश्वास बसला की कंडोम बाजूला पडतो आणि तपासणी मात्र राहून जाते. तेव्हा विश्वास बसल्यावर तपासणीची गरज संपत नाही. अनेक जोडप्यांच्या बाबतीत ती नेमकी त्याच सुमारास सर्वाधिक असते. तुम्ही कंडोम वापरता की नाही, हे पत्रात नाही. तुमच्या भीतीच्या सुरावरून नसावा, असे समजून पुढचे लिहितो आहे.

गुपचूप तपासणीचा विचार कृपया डोक्यातून काढून टाका. ओळखीचा डॉक्टर ही आपल्याकडची मोठी सोय आहे, तिने आपली अनेक कामे होतात, पण हे त्यांतले काम नाही. न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार ही तपासणी होणार असल्याचे रुग्णाला आधी कळले पाहिजे आणि नाही म्हणण्याचा हक्क त्याला असला पाहिजे. तुमच्या डॉक्टर मित्राचा परवाना धोक्यात येईल, हे झालेच. पण त्याहून बिकट प्रश्न निकालानंतरचा आहे. निकाल पॉझिटिव्ह आला तर तुम्ही त्याला काय सांगणार, आणि तुम्हाला कसे कळले म्हणून सांगणार? ज्याला आधीच सरकारी नजरेची धास्ती आहे, त्याच्या रक्ताची चोरून चौकशी त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाने केली, हे कळल्यावर तो उपचारासाठी तुमच्याबरोबर कुठेही येणार नाही.

बजावण्याविषयी माझे मत इतके ठाम नाही. स्वतःच्या शरीराविषयी अट घालण्याचा अधिकार तुम्हाला आहे; ‘तपासणी होईपर्यंत कंडोमशिवाय संबंध नकोत’ असे म्हणणे हा अन्याय नाही आणि त्यासाठी माफी मागण्याचे कारणही नाही. पण ‘तपासणी केली नाहीस तर नाते संपले’ असे म्हणालात, तर तपासणी ही त्याच्यावरच्या आरोपाची सुनावणी होऊन बसेल. माणसे अशा सुनावणीला हजर राहत नाहीत, किंवा हजर न राहता राहिलो म्हणून सांगतात.

माझा सल्ला असा की त्याला ‘तू तपासणी कर’ असे म्हणणे आता पूर्ण थांबवा. आधी स्वतः जाऊन तपासणी करा. मग त्याला सांगा की मी करून आलो, काही महिन्यांनी पुन्हा करायची आहे, त्या वेळी माझ्याबरोबर ये. जोडप्याने एकत्र बसून समुपदेशन घ्यायचे, एकत्र तपासणी करायची आणि निकालही एकत्रच ऐकायचा, अशी पद्धत अमेरिकेत प्रचलित आहे, आणि ‘जोडप्याची तपासणी करता का’ असे केंद्रावर विचारता येते. यात कोण संशयित आणि कोण फिर्यादी हा प्रश्न उरत नाही. शिवाय दोघांपैकी एकाचा निकाल वेगळा आला, तर ते सांगण्याचा भार एकट्यावर पडत नाही. समोर प्रशिक्षित माणूस बसलेला असतो.

त्याच्या आक्षेपांना उत्तरे देण्याची घाई करू नका, पण ती तुम्हाला ठाऊक असलेली बरी. प्रवेश करणाऱ्याला काही होत नाही, ही समजूत लॅटिनो पुरुषांमध्येच आहे असे नाही. महाराष्ट्रातही ती हवी तेवढी सापडेल. संसर्ग असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या जोडीदाराबरोबर कंडोमशिवाय गुदसंबंध आला, तर दर दहा हजार संबंधांमागे ग्राही, म्हणजे प्रवेश करून घेणाऱ्या, जोडीदाराला सुमारे १३८ वेळा आणि प्रवेश करणाऱ्याला सुमारे ११ वेळा लागण होते, असे सीडीसीचे अंदाज आहेत. त्याचा धोका कमी आहे, पण आहेच. आणि या हिशेबात तुमच्या दोघांत अधिक धोका पत्करणारे तुम्ही आहात. ही गोष्ट त्याला वादात हरवण्यासाठी न वापरता ‘मला माझी काळजी वाटते’ अशा शब्दांत सांगितली, तर कदाचित प्रथमच त्याच्या कानावर पडेल. ‘गे’ हा शब्द त्याने स्वीकारावा, हा आग्रहही सोडा. तपासणीला त्याची गरज नाही. केंद्रावर विचारतात ते संबंध कुणाशी आणि कसे आले एवढेच. स्वतःला काय म्हणवता यावर तपासणी अडत नाही.

परत पाठवतील, ही भीती मात्र वेगळी आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नका. तिचा उगम खऱ्या कायद्यात आहे. १९८७ पासून अमेरिकेने एचआयव्ही असलेल्या परदेशी लोकांना प्रवेश आणि कायमचे वास्तव्य नाकारण्याचे धोरण ठेवले होते, आणि थोड्या अपवादांनिशी ते दोन दशकांहून अधिक काळ चालले. त्याचा मामा न्यूयॉर्कमध्ये आजारी पडला तो याच काळात. त्या घराने निदान लपवले असेल तर त्याला लाजेइतकेच हेही कारण असू शकते. ती बंदी ४ जानेवारी २०१० रोजी उठली. तेव्हापासून ग्रीन कार्डासाठीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीची चाचणी होत नाही आणि केवळ या संसर्गामुळे कुणाचा अर्ज नाकारला जात नाही. तुमच्या व्हिसाच्या बाबतीतही हेच लागू आहे, कारण तशी एक धास्ती तुमच्याही पत्राच्या शेवटी डोकावते.

तरीही ‘काही होत नाही, घाबरू नकोस’ असे त्याला सरसकट सांगू नका. २०२५ मध्ये मेडिकेड या सरकारी विमायोजनेतल्या लोकांची माहिती इमिग्रेशनचा कारभार पाहणाऱ्या खात्याला दिली गेल्याच्या बातम्या त्याने तुमच्याआधी ऐकल्या असतील. म्हणून जे नक्की आहे तेवढेच सांगा. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याची लैंगिक आरोग्य केंद्रे विमा नसलेल्यांना आणि कागदपत्रे नसलेल्यांनाही तपासतात. पैसे नसतील म्हणून परत पाठवत नाहीत आणि इमिग्रेशनची स्थिती विचारत नाहीत. निकाल पॉझिटिव्ह आला तर तो आरोग्य खात्याकडे नावासह नोंदवला जातो, हे त्याच्यापासून लपवू नका. पण एचआयव्हीविषयीच्या माहितीला न्यूयॉर्क राज्यात स्वतंत्र गोपनीयता कायद्याचे संरक्षण आहे आणि ती नोंद इमिग्रेशनसाठी नसते. नाव न सांगता तपासणी करण्याचा मार्गही राज्यात उपलब्ध आहे. त्याच्या इमिग्रेशनच्या प्रकरणाविषयी त्याला नेमके काही विचारायचे असेल, तर ते वकिलाला विचारावे, तुम्हाला नव्हे. स्थलांतरितांना मोफत कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्था क्वीन्समध्ये आहेत.

आणखी एक गोष्ट, जी वाचकांना किरकोळ वाटेल पण नाही: त्याचे दुभाषे तुम्ही होऊ नका, आणि त्याच्या भाचीला तर मुळीच होऊ देऊ नका. स्थलांतरितांच्या घरांत इंग्रजी येणारी मुले आईबापांच्या डॉक्टरी भेटींत भाषांतर करतात, आपल्या लोकांतही हे चालते. पण गेल्या काही वर्षांत किती जणांशी संबंध आला, पत्नीशी शेवटचा कधी, या प्रश्नांची उत्तरे तो तुमच्या तोंडून देणार नाही आणि दिली तरी खरी देणार नाही. दवाखान्याकडे दुभाष्याची मोफत मागणी करता येते. शक्य असेल तर जिथे कर्मचारीच स्पॅनिश बोलतात अशा ठिकाणी जा. न्यूयॉर्कमध्ये लॅटिनो कमिशन ऑन एड्स ही संस्था १९९० पासून काम करते आहे. कुठे जावे हे तिथे विचारता येईल. दरवर्षी १५ ऑक्टोबरला अमेरिकेत लॅटिनो समाजाचा एड्स जागृती दिन पाळतात आणि त्या सुमारास मोफत तपासणीचे कार्यक्रम होतात. चर्चच्या किंवा वस्तीच्या कार्यक्रमात सगळेच तपासणी करून घेत आहेत, म्हणून मीही केली, हे कारण काही पुरुषांना सोयीचे पडते. पडू द्या.

हे सगळे त्याने तुमच्याकडूनच ऐकावे, असेही नाही. तुम्ही राहता तो जॅक्सन हाइट्सचा परिसर आपल्या लोकांना चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावरच्या किराणा आणि मिठाईच्या दुकानांमुळे ठाऊक आहे. तिथून थोडे पुढे गेले की रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर स्पॅनिश पाट्या सुरू होतात आणि त्यांतच लॅटिनो समलिंगी पुरुषांचे जुने बारही आहेत. १९९० च्या जुलैमध्ये हुलिओ रिव्हेरा या पुएर्तो रिकन तरुणाची तो समलिंगी आहे म्हणून याच वस्तीत, एका शाळेच्या आवारात हत्या झाली. त्या संतापातून संघटना उभ्या राहिल्या आणि १९९३ पासून क्वीन्सची स्वतःची प्राइड यात्रा निघू लागली. अठ्ठ्याहत्तरावा रस्ता आणि सदतिसाव्या अ‍ॅव्हेन्यूच्या चौकाला आज रिव्हेराचे नाव आहे. तुमचा मित्र त्या चौकातून कितीदा गेला असेल. लाज आणि गुप्तता हाच त्याच्या समाजाचा एकमेव वारसा आहे, अशी समजूत तुम्ही करून घेतली असेल तर ती अपुरी आहे. क्यूबातून लहानपणी फ्लोरिडात आलेल्या पेद्रो झामोराला सतरा वर्षांचा असताना शाळेत रक्तदान केल्यावर आपल्या संसर्गाचे कळले. तो गावोगावच्या शाळांमध्ये बोलला, १९९४ मध्ये एमटीव्हीवरच्या मालिकेतून घराघरांत पोहोचला आणि त्याच वर्षी बाविसाव्या वर्षी वारला. पुढे दोनच वर्षांनी, १९९६ च्या सुमारास, अनेक औषधे एकत्र देण्याची परिणामकारक पद्धत रुजली. तुमच्या मित्राच्या मामालाही बहुधा ती मिळाली नसावी. त्याच्या मनातला एचआयव्ही हा त्या मामाच्या काळातला आहे, हे समजून घेऊन बोला.

आज काय आहे, ते तुम्हालाही पुरते ठाऊक नसावे असे पत्रावरून वाटते, म्हणून सांगतो. निकाल पॉझिटिव्ह आला तर बहुतेकांना रोज एक गोळी घ्यावी लागते, आणि ती अनेक ठिकाणी निदानाच्या दिवशी किंवा आठवडाभरात सुरू होते. नियमित घेतल्यास साधारण सहा महिन्यांत रक्तातल्या विषाणूचे प्रमाण चाचणीत दिसणार नाही इतके खाली येते. या अवस्थेत टिकून राहिलेल्या माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. याचा पुरावा भक्कम आहे: युरोपात समलिंगी जोडप्यांवर झालेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह अशा ७८२ जोडप्यांच्या सुमारे ७६,००० कंडोमविना संबंधांमध्ये जोडीदाराकडून आलेला एकही संसर्ग आढळला नाही. उपचाराच्या खर्चासाठी रायन व्हाइट या तेरा वर्षांच्या वयात निदान झालेल्या मुलाच्या नावाचा केंद्रीय कार्यक्रम १९९० पासून आहे. विमा नसलेल्यांना त्यातून औषधे मिळतात आणि न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. तशी वेळ आली तर त्याच्या पत्नीचाही प्रश्न येईल. पूर्वीच्या जोडीदारांना कळवण्याचे काम आरोग्य खात्याचे कर्मचारी नाव न सांगता करतात. परदेशातल्या जोडीदाराच्या बाबतीत काय करता येईल, हे त्यांना विचारावे. मेक्सिकोत सरकारी उपचार २००३ पासून सर्वांसाठी खुले आहेत, त्यामुळे तिकडेही दार बंद नाही.

आता तपासणीतले बारकावे. ते समजले नाहीत तर निगेटिव्ह निकालही फसवतो. संसर्ग झाल्या दिवसापासून तो चाचणीत दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला विंडो पिरियड म्हणतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी प्रतिजन-प्रतिपिंड चाचणी १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दाखवते. बोटाला टोचून किंवा हिरड्यांवरून बोळा फिरवून होणाऱ्या झटपट चाचण्यांना ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. औषधाच्या दुकानात मिळणारी तोंडातल्या स्रावाची चाचणी २०१२ पासून अमेरिकेत विकली जाते. रोख पैसे देऊन, नाव न सांगता घेता येते आणि वीस मिनिटांत निकाल देते. दवाखान्याचे दार ओलांडायला तुमचा मित्र तयार नसेल, तर दोघांनी घरी दोन किट उघडणे ही वाईट सुरुवात नाही. मात्र त्यात निकाल पॉझिटिव्ह दिसला तर तो अंतिम नसतो, दवाखान्यात खात्री करावीच लागते; तेव्हा मध्यरात्री, थकून, भांडण झाल्यावर ती चाचणी करू नका. केंद्र उघडे असेल अशा दिवशी सकाळी करा. आणि एचआयव्हीसाठी जाताच आहात तर सिफिलिस, गनोरिया आणि क्लॅमिडियाची तपासणीही करून घ्या. घसा आणि गुदद्वार यांचे नमुने घ्या, असे स्वतःहून सांगा, कारण नुसत्या लघवीच्या तपासणीत यांतला बराच संसर्ग निसटतो. सीडीसीच्या सल्ल्यानुसार १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी आणि लैंगिकदृष्ट्या सक्रिय समलिंगी व बायसेक्शुअल पुरुषांनी वर्षातून किमान एकदा एचआयव्हीची तपासणी करावी. अनेकांना दर तीन ते सहा महिन्यांनी करणे हिताचे ठरते.

तुम्ही विम्यावर तपासणी करणार असाल तर विमा कंपनीचे पत्र घरी येते, हे लक्षात ठेवा. तुमच्या बाबतीत ते तुमच्याच नावाने येईल, पण आईवडिलांच्या विम्यावर असलेल्या तरुण वाचकांनी शहराच्या केंद्रात जाणे अधिक सोयीचे. हे सदर वाचणाऱ्यांपैकी जे महाराष्ट्रात आहेत, त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत समुपदेशन आणि तपासणी मोफत होते, १०९७ या क्रमांकावर माहिती मिळते, आणि २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करण्यास आणि निकाल फोडण्यास मनाई केली आहे. तेव्हा ओळखीच्या डॉक्टरांचा मार्ग सांगलीतही बंदच आहे.

राहिला प्रश्न तो कशालाच तयार झाला नाही तर काय करायचे याचा. ती शक्यता खरी आहे, म्हणून स्वतःची सोय त्याच्या होकारावर टांगून ठेवू नका. तुमची तपासणी निगेटिव्ह आली की डॉक्टरांना प्रेपविषयी विचारा. रोजची गोळी अमेरिकेत २०१२ पासून, दोन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन २०२१ पासून आणि सहा महिन्यांनी घ्यायचे २०२५ पासून मंजूर आहे. सांगितल्याप्रमाणे घेतल्यास संबंधांतून होणारी लागण सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होते. ते सुरू करण्यासाठी त्याची परवानगी लागत नाही, पण त्याच्यापासून लपवूही नका, नाहीतर गोळ्यांची बाटली सापडल्यावर तो तुमच्याविषयी तोच संशय घेईल जो तुम्ही आज त्याच्याविषयी घेत आहात. यापुढे एखादा संबंध धोक्याचा वाटला, तर ७२ तासांच्या आत पेप हा अठ्ठावीस दिवसांचा उपचार सुरू करता येतो. जितका लवकर तितका बरा, आणि रात्र असेल तर सरळ इमर्जन्सीत जावे. एवढी व्यवस्था झाली की त्याच्या तपासणीशी तुमचा जीव बांधलेला राहणार नाही. मग ज्या माणसाला स्वतःच्या तब्येतीविषयी तुमच्याशी बोलायचेच नाही, त्याच्याबरोबर राहायचे का, हा वेगळा प्रश्न तुम्हाला शांतपणे पाहता येईल. त्याचे उत्तर मला देता येणार नाही. ते प्रेप सुरू होऊन काही महिने गेल्यावर शोधा, आत्ताच्या जागरणात नको.